स्वीडनमध्ये फॉरेस्ट्रीत पीएचडी

तू विचारलंयस की एमएस्सी फॉरेस्ट्री झालंय, सागाच्या विरळणीवर (म्हणजे दाटीतली काही झाडं तोडून बाकीच्यांना जागा करून देणं) थिसिस आहे, तर पुढे रिसर्चसाठी स्वीडनला यावं का. ये की! फक्त ॲडमिशन शोधत बसू नकोस, इथे पीएचडी म्हणजे चक्क नोकरी, साधारण 4 वर्षांची, पगार मिळतो, फी नाही, आणि जाहिरात निघते तेव्हा त्या प्रोजेक्टसाठीच अर्ज करायचा. मास्टर्सला मात्र युरोपबाहेरच्यांना फी भरावी लागते. एसएलयू म्हणजे इथलं कृषी विद्यापीठ, त्याची फॉरेस्ट फॅकल्टी उत्तरेकडच्या उमेओ शहरात आहे, त्यांच्या जाहिराती बघत राहा.

सागाची माहिती इथे फारशी कामाला येत नाही, बहुतेक सगळा कारभार स्कॉट्स पाइन आणि नॉर्वे स्प्रूस या दोन सूचिपर्णी झाडांचा. खोडाचा छातीच्या उंचीवरचा व्याससुद्धा आपण 1.37 मीटरवर घेतो, इथले लोक 1.3 वर. पण प्लॉटचा (म्हणजे झाडं मोजायला आखलेल्या तुकड्यांचा) डेटा नीट साफ करता येतो, आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर येतं, मिक्स्ड मॉडेल ही संख्याशास्त्राची पद्धत कळते, हे अर्जात ठळक लिही, ते कुठल्याही झाडाला चालतं.

इंटरव्ह्यूत एक प्रश्न तू विचारायचाच: प्लॉट कोणाचे आणि किती जुने? इथे विरळणीनंतर झाडानं काय केलं हे दिसायलाच कितीतरी वर्षं जातात, त्यामुळे 4 वर्षांत नवा प्रयोग लावून थिसिस होत नाही, जुन्या कायमच्या प्लॉटवरच होतो. राष्ट्रीय वनमोजणी 1923 पासून चालू आहे, तो खजिना वेगळाच. फील्डवर्क उन्हाळ्यात, डास जीव खातात, आणि तू खोडात बोरर (पोकळ गिरमिट) फिरवून लाकडाचा पेन्सिलीएवढा बारीक कोअर काढतोयस, तो मोडू नये म्हणून स्ट्रॉमध्ये सरकवतोयस, एका हातानं डास मारत.

आता खरी गोम. पीएचडी आणि त्यानंतरची तात्पुरती रिसर्चची नोकरी, म्हणजे पोस्टडॉक, इंग्रजीत निभतं. पण निम्म्याच्या आसपास जंगल खासगी मालकांचं, म्हणजे बरंचसं कुटुंबांचं, त्यांना पूर्ण तोड करा की निवडक तोड करा हे सांगणाऱ्या माणसाला स्वीडिश यायलाच हवी, आणि लेक्चररच्या जागेलाही बऱ्याचदा काही वर्षांत स्वीडिशमधून शिकवायची अट असते. नुसता इकॉलॉजीवाला आपलं मॉडेल घेऊन दुसऱ्या देशात जाऊ शकतो, सिल्व्हिकल्चरवाल्याला (जंगल कसं वाढवायचं-तोडायचं हे बघणाऱ्याला) ते जड जातं. म्हणून स्वीडिशचा कोर्स पहिल्याच वर्षी लाव, पोस्टडॉकच्या दोन-दोन वर्षांच्या काँट्रॅक्टमध्ये डोकं शांत नसतं रे.

आणि हो, ड्रायव्हिंग. आपलं लायसन्स इथे रहिवासी नोंदणीनंतर वर्षभरच चालतं, मग परीक्षा नव्यानं द्यावी लागते, आणि प्लॉटवर बस जात नाही.