ऋतू पालटला, कपाट अजून मागच्याच ऋतूत

हवा बदलू लागली की मला येणाऱ्या पत्रांचा सूरही बदलतो. एरवी विचारणा असते ती खणांची, खोक्यांची, कागदपत्रांच्या फायलींची. ऋतू पालटताना मात्र माणसं कपाटापासून सुरुवात करतात आणि चार ओळींत स्वतःबद्दल लिहू लागतात. लोकांच्या घरी जाऊन आवराआवरीला हातभार लावण्यात माझी बरीच वर्षं गेली. पसारा म्हणजे साठून राहिलेले निर्णय, असं माझं पक्कं मत झालं आहे. ठेवू की देऊ हे ज्या दिवशी ठरवता आलं नाही, त्या दिवशी ती वस्तू जिथे टेकवली तिथेच ती राहिली. या वेळची पत्रं वाचताना ते पुन्हा जाणवलं.

प्रश्न : ताई, दर ऋतूला मी हौसेने घर आवरायला काढते. आख्खा रविवार राबते. पंधरा दिवसांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या! माझ्यातच काही कमी आहे का?

तुमच्यात काही कमी नाही, आणि तुमची हौसही खरी आहे. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की नवा आठवडा, नवा महिना, नवं वर्ष, वाढदिवस अशा टप्प्यांनंतर माणसं व्यायामशाळेत जास्त जातात, नवे संकल्प जास्त करतात. अशा वेळी मनात काळाचे कप्पे पडतात आणि जुन्या चुका मागच्या कप्प्यात राहिल्यासारख्या वाटतात. ऋतू बदलताना तुम्हाला उभारी येते ती याच जातीची असावी.

पण आवरणं आणि आवरलेलं टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं रविवारच्या उत्साहावर होतं, दुसऱ्यासाठी सवय हवी. २१ दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये केलेल्या एका निरीक्षणात आहे. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला 'किमान' २१ दिवस लागतात, असं तो म्हणाला होता. पुढे त्यातला 'किमान' गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयींची १२ आठवडे नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मध्ये एखादा दिवस चुकला तरी त्याने फारसं बिघडलं नाही.

म्हणून या ऋतूत एकच गोष्ट धरा, आणि ती रोज आपोआप घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. 'घर नीटनेटकं ठेवीन' असं म्हणून काही होत नाही. 'दारातून आत आले की चपला काढण्याआधी किल्ली खुंटीला' असं ठरवलं की होतं. 'अमुक झालं की तमुक करायचं' असे बेत जास्त तडीस जातात, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वीच मांडलं आहे. किल्लीचं जमलं की मग टेबलाकडे वळा.

प्रश्न : गरम कपडे ठेवून देताना काय काळजी घ्यावी? गेल्या खेपेला दोन स्वेटरांना कसर लागली.

आधी धुवा, मग ठेवा. भोकं पाडते ती अळी. लोकर आणि रेशमात प्रथिनं असतात, त्यांवर ती जगते, आणि घामाचे किंवा सांडल्याचे डाग असलेल्या जागा तिला जास्त आवडतात. एकदाच घातलेला स्वेटरसुद्धा तसाच ठेवू नका. पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीची भीती पुष्कळ कमी होते. डांबरगोळ्या वापरत असाल तर लहान मुलांचा हात पोचणार नाही असं बघा. गोळी पोटात गेली तर विषबाधा होते. शिवाय जी-६-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांचाही त्रास होऊ शकतो. घड्या घालताना एक कराल का? ऋतूभर अंगाला न लागलेला कपडा डब्यात ठेवूच नका, बाहेर काढून ठेवा.

प्रश्न : वडील जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचं कपाट तसंच आहे. ऋतू बदलला की ठरवतो, या वेळी आवरायचं. दार उघडतो आणि पुन्हा लावून टाकतो. बायको काही बोलत नाही, पण मुलाला खोली लागणार आहे. (वय ४६)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझी आई गेल्यावर अकरा महिने मी तिच्या कपाटाला हात लावला नव्हता. उघडलं तेव्हा समोरच तिचा राखाडी स्वेटर होता. डाव्या खिशात चौकोनी घडीचा रुमाल, आणि रुमालाला टोचलेली एक सेफ्टी पिन. 'कुणाला कधी लागली तर' म्हणून ती पिन कायम जवळ बाळगायची. त्या पिनेशी मी अर्धा तास बसून होते. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही आणि तेवढंही पुरेसं होतं. त्यामुळे दार उघडून लावता याचा अपराध वाटून घेऊ नका. दार उघडणं हीसुद्धा सुरुवातच आहे.

आता कामाचं सांगते. आठवण नसलेल्या वस्तूंपासून सुरू करा : रिकामे हँगर, मुदत संपलेली औषधं, जुने चार्जर, कोऱ्या पिशव्या. यात मन अडकत नाही आणि हाताला वळण लागतं. औषधांची विल्हेवाट केमिस्टला विचारून लावा. मग कागद. विमा, बँक, मालमत्ता, ओळखपत्रं यांचा एक गठ्ठा करा आणि कुणाला तरी जोडीला घेऊन तपासा. कपडे, चष्मा, घड्याळ, डायरी हे सगळं अखेरीला. एका बैठकीत चाळीस मिनिटांच्या पुढे जाऊ नका, आणि एकटे बसू नका. बायको बोलत नाही म्हणता. तिलाच म्हणा, 'तू नुसती शेजारी बस.'

कपड्यांपाशी आलात की 'हे टाकू का?' असं स्वतःला विचारू नका, त्याचं उत्तर 'नको' असंच येणार. 'यातल्या कशात मला बाबा दिसतात?' असं विचारा. दहा सदऱ्यांपैकी एकात ते दिसतील, बाही नेहमी दुमडलेली असायची त्यात. तो ठेवा. आधी एक पेटी ठरवा आणि पेटीत मावेल तेवढं राखा. पेटी नंतर शोधायला गेलात तर ती कपाटाएवढीच निघेल.

ज्या वस्तू द्यायच्या त्यांचा आधी फोटो काढा. करेन विंटरिच, रेबेका रेझेक आणि ज्युली अर्विन यांनी २०१७ मध्ये एका अमेरिकन विद्यापीठाच्या वसतिगृहांत हे करून पाहिलं. ज्या इमारतींत जिवाभावाच्या वस्तूंचा आधी फोटो काढायला सांगितलं, त्या इमारतींतून सुमारे १५ टक्के जास्त वस्तू दान आल्या. आठवण हातची जाईल ही धास्ती फोटोने कमी होते. मी त्यात एक भर घालते : फोटोखाली एक ओळ लिहा. 'या चष्म्याची डावी काडी बाबांनी तीनदा स्वतः बसवली.' तुमचा मुलगा कधीतरी ती ओळ वाचेल.

कुठलीही वस्तू घराबाहेर जाण्यापूर्वी भावंडांना विचारा. तुम्हाला किरकोळ वाटणाऱ्या पेनासाठी बहीण दीड वर्ष मनातल्या मनात थांबलेली असू शकते. आणि झोप, भूक, कामावरचं लक्ष अजूनही थाऱ्यावर नसेल तर समुपदेशकाकडे जरूर जा. ते काम कपाट आवरून होणारं नाही.

प्रश्न : नवरा काहीच टाकू देत नाही. मी गुपचूप टाकलं तर चालेल?

नाही चालणार. एकदा कळलं की त्यांचा विश्वास उडेल आणि ते आणखी घट्ट धरून बसतील. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्याच डोळ्यांत वाढते. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांच्या १९९० च्या प्रयोगांत, काही मिनिटांपूर्वीच मिळालेला साधा मग विकायला लोकांनी विकत घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट किंमत मागितली होती. मग वीस वर्षं सांभाळलेल्या रेडिओचं काय होत असेल! त्यांना एक खण पूर्ण त्यांच्या मर्जीचा द्या, त्याबद्दल चकार शब्द काढू नका. सामाईक जागांचं मात्र समोरासमोर बसून ठरवा.

प्रश्न : दिवस लहान झाले की मला काहीच करावंसं वाटत नाही. पसारा बघूनच रडू येतं. दरवर्षी याच दिवसांत होतं.

इथे मी तुम्हाला आवराआवरीचा सल्ला देणार नाही. दरवर्षी त्याच काळात येणारं आणि ऋतूबरोबर ओसरणारं नैराश्य हा डॉक्टरांच्या ओळखीचा आजार आहे. नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि प्रकाशाने उपचारही करून पाहिले. त्यावर इलाज आहेत, तेव्हा डॉक्टरांना भेटा आणि 'दरवर्षी होतं' हे आवर्जून सांगा. तोवर सकाळी उजेडात थोडं चाला. भांडी राहू द्या.

प्रश्न : ३१ वर्षं शिकवलं, मागच्या ऋतूत निवृत्त झाले. टिपणांची सतरा खोकी घरात आहेत. सगळे म्हणतात, आता कशाला हव्यात? मला उत्तर देता येत नाही. (वय ५९)

कारण प्रश्न खोक्यांचा नाहीच. विल्यम ब्रिजेस या अमेरिकन अभ्यासकाने बदल आणि स्थित्यंतर यांत फरक केला होता. बदल बाहेर होतो, एका तारखेला. स्थित्यंतर मनात चालतं. त्याची सुरुवात काहीतरी संपल्याचं मान्य करण्यापासून होते, मग मधला अधांतरी काळ येतो आणि त्यानंतर नवं काही उगवतं. तुमची निवृत्ती झाली, पण तुम्ही अजून मधल्या काळात आहात. तिथे गोंधळायला होणारच.

तेव्हा सतराच्या सतरा एकदम काढू नका. आठवड्याला एक खोकं उघडा. दुसऱ्या शिक्षकाला उपयोगी पडेल ते बाजूला काढा आणि शक्यतो नव्याने लागलेल्या एखाद्याच्या हातात स्वतः नेऊन द्या. विद्यार्थ्यांची नावं-गुण असलेले कागद फाडून टाका, त्यांची खासगी माहिती आहे ती. अगदी पहिल्या वर्षाची वही, समासात घाईने केलेल्या खुणांची, ती राहू द्या.

खोकी हलली की एक खण मोकळा होईल. तो लगेच भरू नका, कुणी कितीही म्हटलं तरी. पुढचा ऋतू लागला की मला लिहा, त्या खणात पहिलं काय आलं ते.