गिटारच्या केसला आतून कोणता फोम लावावा, आणि जितका जाड तितका चांगला हे खरे आहे का?

तुम्ही इलेक्ट्रिक गिटारसाठी प्लायवुडची केस स्वतः तयार केली आहे, आतून फोम लावायचा राहिला आहे, आणि तो कोणता घ्यावा व शक्य तितका जाड घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ‘जाड आणि मऊ फोम भरा, काही होत नाही’ हे वाक्य मी एका माणसाच्या तोंडून कंटाळा येईपर्यंत ऐकले आहे. ते खरे नाही. चुकीच्या जागी भरलेला जाड फोम गिटार वाचवत तर नाहीच, उलट तिची मान मोडायला हातभार लावतो.

आमच्या वाद्यवृंदात एक ज्येष्ठ गिटारवादक होते. वाजवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता आणि हे मी आजही मान्य करतो. पण वाजवता येते म्हणजे वाद्याच्या पेटीचेही कळते, असा त्यांचा ठाम समज होता. माझ्या केसचे अस्तर सुटले होते आणि मी ते सवडीने करणार होतो, तेवढ्यात त्यांनी आपणहून केस घरी नेली आणि काही दिवसांनी परत आणून दिली. आत सगळीकडे सोफ्याच्या गादीत असतो तसा मऊ, पिवळसर स्पंज होता, वर लाल मखमल होती, आणि हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या असलेल्या डोक्याच्या खाली, ‘डोक्याला आधार हवा’ म्हणून, त्याच स्पंजची घडी घालून घट्ट ठासलेली उशी होती. मी तेव्हाच त्यांना विचारले होते की डोक्याखाली एवढे कशाला भरले. त्यांनी उत्तरादाखल अंगठ्याने तो स्पंज दाबून दाखवला आणि म्हणाले, ‘बघ, किती दबतो. याच्यावर काय आपटणार?’ वयाचा मान म्हणून मी गप्प बसलो आणि ती उशी घरी जाऊन काढायची असे ठरवले.

ती संधी मिळाली नाही. त्याच संध्याकाळी रंगमंचामागे भिंतीला टेकवून उभ्या ठेवलेल्या केसला कोणाचा तरी धक्का लागला आणि ती सरळ पाठीवर पडली. बाहेरून एक ओरखडाही नव्हता. उघडली तेव्हा तारा लोळत होत्या आणि हेडस्टॉक पुढे, म्हणजे तारांच्या बाजूला, झुकला होता. नटच्या, म्हणजे डोके आणि मान यांच्या सांध्यावर तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, मागे मानेच्या पाठीवरून चीर निघाली होती, लाकडाचे लांब तिरपे पापुद्रे उघडे पडले होते, आणि पुढच्या बाजूचा काळा पातळ पापुद्रा तेवढा बिजागरीसारखा दोन्ही तुकडे धरून होता. आमच्या ज्येष्ठांनी ते पाहिले, पुन्हा अंगठ्याने स्पंज दाबला आणि निर्णय दिला: ‘अजून दोन इंच हवा होता.’

चीर कोणत्या बाजूने उघडली, इकडे लक्ष द्या, कारण सगळा वाद तिथेच निकालात निघतो. ती पाठीमागून उघडली, याचा अर्थ डोके पुढे ढकलले गेले. पाठीवर पडलेल्या केसमध्ये डोके पुढे तेव्हाच ढकलले जाते, जेव्हा बॉडी खाली बुडत असताना डोक्याला खालून काहीतरी अडवते. बॉडीखालचा मऊ स्पंज धक्क्यासरशी पूर्ण चेपला गेला, डोक्याखालची ठासलेली उशी मात्र चेपली नाही, आणि मधल्या मानेचा पहारीसारखा दांडा झाला. तारांचा ताण त्याच दिशेने आधीच ओढत होता. दहा ते शेहेचाळीसच्या (इंचाच्या हजाराव्या भागात तारांची जाडी) नेहमीच्या संचात सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलो असतो. शिवाय नटच्या मागे मान सगळ्यात बारीक असते, ट्रस रॉडसाठी, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या लोखंडी सळईसाठी, तिथले लाकूड आतून कोरलेले असते, आणि एकाच लाकडातून कापलेल्या, मागे कललेल्या डोक्यात लाकडाचे रेषे तिरपे तुटतात. ज्या जागेला सर्वांत कमी बळ आहे, नेमकी तीच जागा त्या उशीने तरफेखाली दिली.

उभी केस पाठीवर पडणे हा प्रकार दिसतो त्यापेक्षा वाईट असतो. तळाची कडा जमिनीवरच राहते आणि वरचे टोक सर्वांत मोठा फेरा घेऊन येते. एकसारख्या जाडीचा दांडा असा आडवा झाला, तर त्याच्या टोकाचा वेग त्याच्या लांबीच्या दीडपट उंचीवरून सरळ पडलेल्या वस्तूइतका भरतो. म्हणजे एक मीटरची केस नुसती आडवी झाली, तरी हेडस्टॉकच्या दृष्टीने ते दीड मीटरवरून पडणे असते. केसचा जड भाग खाली असल्यामुळे प्रत्यक्षात वेग यापेक्षा थोडा जास्तच निघतो. या गणितात अंगठ्याच्या परीक्षेला काहीही स्थान नाही.

आता फोमकडे येतो. फोमचे काम वस्तूला थांबायला अंतर देणे हे आहे. ६० सेंटीमीटरवरून पडलेली वस्तू फोममध्ये २ सेंटीमीटर दबून थांबली, तर तिला सरासरी तिच्या वजनाच्या तीसपट बल सोसावे लागते. एकाच सेंटीमीटरमध्ये थांबली तर साठपट. फोमची सगळी जाडी मात्र उपयोगी पडत नाही. साधारण अर्धी जाडी दबली की पुढे तो एकदम कडक होत जातो आणि तळाला लागला की लाकडावर आपटल्यासारखेच होते. फार मऊ फोम लगेच तळाला जातो, फार कडक फोम दबतच नाही, आणि दोन्हींचा परिणाम एकच.

म्हणून फोम एकटा निवडता येत नाही. त्यावर वाद्य किती क्षेत्रफळावर टेकणार हे सोबत ठरवावे लागते. ४ किलोची गिटार हजार चौरस सेंटीमीटरच्या पाठीने पूर्ण टेकली, तर फोमवर जेमतेम ०.४ किलोपास्कल दाब येतो. पॉलिथिलीनच्या घट्ट फोमला एवढा दाब जाणवतही नाही, त्यामुळे तो पाठभर अंथरला तर गिटार जवळजवळ फळीवर ठेवल्यासारखी राहते. तीच गिटार त्याच फोमच्या चार लहान ठोकळ्यांवर, एकूण शंभर चौरस सेंटीमीटरवर, टेकवली की दाब ४ किलोपास्कलच्या आसपास जातो आणि तो फोम खऱ्या अर्थाने काम करू लागतो. आणि अंगठ्याचे म्हणाल, तर अडीच चौरस सेंटीमीटरवर दोन किलो जोर लावला की ८० किलोपास्कल होतात. अंगठ्याखाली जे दबते त्याचा गिटारखाली दबण्याशी काही संबंध नाही, हे मी आमच्या ज्येष्ठांना कागदावर मांडून दाखवले होते. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विषय बदलला.

माझा सल्ला असा. खाली ३० ते ३५ किलो प्रति घनमीटर घनतेचा क्रॉसलिंक केलेला पॉलिथिलीन फोम घ्या. तो नाहीच मिळाला तर टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, लवचीक ईपीई (साधा पॉलिथिलीन फोम, थर्मोकोल नव्हे) चालेल, फक्त त्याच्या कडा लवकर तुटतात. या फोमचे ४ ते ५ सेंटीमीटर जाडीचे ठोकळे बॉडीच्या खालच्या रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या भागाच्या दोन्ही बाजूंना आणि मान बॉडीला मिळते तिथे लावा. मानेच्या मध्यावर एक अरुंद खाच असलेला आधार द्या, पण त्याची उंची अशी ठेवा की मान त्यावर नुसती विसावेल, उचलली जाणार नाही. ठोकळ्यांच्या वर सेंटीमीटरभर मऊ स्पंज लावायला माझी हरकत नाही. हेडस्टॉकच्या खाली, वर आणि टोकाला काहीही लावू नका. तिथे रिकामी जागा हवी, आणि ती ठोकळे दबल्यानंतरही उरली पाहिजे. म्हणजे ठोकळे दबण्यापूर्वी किमान ४ सेंटीमीटर. झाकणाकडूनही बॉडीवर हलका दाब येईल एवढाच फोम ठेवा, नाहीतर केस तोंडावर पडली की गिटार आतल्या आत उडी मारते.

बाकीचे प्रकार थोडक्यात. पीयू (पॉलियुरेथेन) स्पंज, म्हणजे सोफ्याच्या गादीतला, दमट हवेत आणि उजेडात काही वर्षांनी पिवळा पडतो, मग चिकट होतो किंवा भुगा होतो, आणि तो भुगा पिकअपमध्ये जाऊन बसतो. शिवाय तो ओल धरतो. घनता जास्त म्हणजे फोम कडक, हाही गैरसमज आहे, कारण पीयूमध्ये एकाच घनतेचा मऊ आणि कडक असे दोन्ही फोम मिळतात. मेमरी फोम थंडीत कडक होतो, त्यामुळे प्रवासाच्या केसला तो नकोच. ईव्हीए (चपलांच्या तळव्यात असतो तो फोम) टिकाऊ आहे, पण जुना होताना त्यातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते. बंद पेटीत तार आणि फ्रेटच्या सोबतीला मी तो ठेवणार नाही. थर्मोकोल पहिला मार उत्तम सोसतो आणि मग चेपलेलाच राहतो.

फोम कोणताही असो, तो थेट पॉलिशला लागू देऊ नका. नायट्रोसेल्युलोज लॅकरचे रबर, व्हिनाइल आणि काही फोमशी अजिबात जमत नाही. स्पर्शाच्या जागी लॅकर मऊ पडते आणि डाग कायमचा राहतो. मध्ये सुती किंवा मखमली कापड घ्या. चिकटवण्यासाठी सॉल्व्हंटचे सोल्युशन वापरणार असाल, तर त्याने थर्मोकोल विरघळतो हे ध्यानात असू द्या, आणि वास पूर्ण जाईपर्यंत केस उघडी ठेवा. त्या वासातच गिटार बंद केली तर लॅकरला तोच त्रास होतो.

हे सगळे मी मागे कललेल्या डोक्याची, एकसंध मानेची जड गिटार गृहीत धरून लिहिले आहे. तुमच्या गिटारचे डोके मानेच्या सपाटीतच असेल आणि मान स्क्रूने जोडलेली असेल, तर धोका बराच कमी आहे आणि माझा बराचसा संताप तुम्हाला लागू होत नाही. अकूस्टिक गिटार हलकी असते, तिच्यासाठी ठोकळ्यांचे क्षेत्रफळ त्या प्रमाणात कमी करावे लागेल, शिवाय तिची पाठ पातळ असल्यामुळे ठोकळे कडेच्या पट्ट्यांखालीच यायला हवेत. विमानाच्या सामानात द्यायची केस हा वेगळा विषय आहे. तिथे बाहेरचे कवच फोमइतकेच महत्त्वाचे ठरते. आणि माझी गिटार सरसाने जोडून घेतली, सांधा चांगला बसला, आवाजात फरक नाही, हे सांगायला हवे. आमचे ज्येष्ठ याचाच आधार घेऊन ‘मग बिघडले काय?’ असे अजूनही विचारतात.

ठोकळे कायमचे चिकटवण्यापूर्वी एक चाचणी करा. हेडस्टॉकच्या टोकाखाली केसच्या तळावर मॉडेलिंग क्लेचा सेंटीमीटरभर उंचीचा गोळा ठेवा, गिटार ठेवा, आणि बॉडीवर दोन्ही तळहात पसरून ठोकळे निम्मे दबेपर्यंत भार द्या. गोळ्याचा माथा चपटा झालेला दिसला, तर जागा कमी आहे; ठोकळे उंच करा किंवा तळ तेवढ्या भागात खोल करा, आणि पुन्हा पाहा.