हजेरीच्या घड्याळात भलतेच आकडे

प्रश्न : चुंबकीय कार्डावर चालणारं हजेरीचं घड्याळ बनवतोय. कार्डाच्या पट्टीवरचा दुसरा ट्रॅक (माहितीची दुसरी ओळ) वाचतो, पण मधूनच भलतेच आकडे येतात. रीडर बदलू का?

उत्तर : रीडरला इतक्यात हात लावू नका. आधी रीडरची क्लॉकची तार (प्रत्येक बिट, म्हणजे ० किंवा १, आला की इशारा देणारी) इंटरप्टवर घ्या, म्हणजे प्रोग्राम हातातलं काम थांबवून तो बिट लगेच टिपेल. डिस्प्लेवर अक्षरं लिहिण्यात प्रोग्राम अडकला की बिट निसटतात. दुसरं, घाईत माणसं कार्ड उलट्या दिशेनेही ओढतात, ओढणारच! म्हणून सगळे बिट आधी साठवा, मग ११०१० ही सुरुवातीची खूण शोधा. सापडली नाही तर शेवटाकडून वाचा. प्रत्येक अंकाचे ५ बिट, त्यातला पाचवा विषम पॅरिटीचा, म्हणजे पाचांतल्या १ ची संख्या विषम ठेवणारा तपासणीचा बिट. ती चुकली तर नोंद करूच नका, बझर वाजवा. वेळेसाठी मात्र सेलवर चालणारी वेगळी घड्याळ-चिप हवीच.