चार जड क्वार्क, एक कण

प्रश्न : चारही क्वार्क जड असलेला कण कसा तयार होतो? तो टिकतो का?
— बारावीची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : बाय, म्हापशात इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण या कणाएवढं कुतूहल मला क्वचितच वाटलं! क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांचे मूलभूत घटक. 2020 मध्ये सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी प्रयोगाने असा चार जड क्वार्कांचा कण, एक्स(6900), जाहीर केला. त्यात दोन चार्म (क्वार्कचा एक जड प्रकार), दोन प्रतिचार्म (चार्मचे प्रतिकण). वस्तुमान प्रोटॉनच्या सातपटीहून जास्त. प्रोटॉनांच्या टकरीत ग्लुऑनांपासून (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांपासून) चार्म-प्रतिचार्मच्या दोन जोड्या एकदमच जन्मल्या आणि पुरेशा जवळ राहिल्या, तरच तो जुळतो. टिकत मात्र नाही. क्षणार्धात फुटून दोन जे-साय (एक चार्म-एक प्रतिचार्म अशा जोडीचे कण) होतात, आणि त्यांच्यापासून निघालेले चार म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) शोधकयंत्र टिपतं.

चौघं घट्ट बांधलेले, की दोन जोड्या सैल बिलगलेल्या? मी घट्ट म्हणेन. सर्नच्याच सीएमएस प्रयोगाला आढळलेला स्पिन 2 (स्पिन म्हणजे कणाची अंगभूत फिरकी) त्याच चित्राशी जास्त जुळतो.