बाराव्या अंकाची राखण

वाचकांचे प्रश्न आणि गणिताच्या अंगाने त्यांची उत्तरे

प्रश्न : एका अर्जात आधार क्रमांक भरताना माझ्याकडून एक अंक चुकला आणि संगणकाने तो क्रमांक तत्काळ ‘अवैध’ ठरवला. त्या वेळी इंटरनेट बंद होते, म्हणजे तो कोणत्याही नोंदीशी ताडून पाहिलेला नव्हता. मग चूक कळली कशी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : संगणकाने नोंद पाहिली नाही, केवळ क्रमांक पाहिला. आधार क्रमांकाचे पहिले ११ अंक एकदा ठरले, की बारावा अंक त्यांच्यावरूनच गणिताने काढला जातो. लिहिताना किंवा टंकताना कुठे गडबड झाली असेल तर ती उघडी पाडणे एवढेच त्याचे काम असते. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिले गेले, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. या शेवटच्या अंकाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

त्याची रीत थोडी अवघड आहे, म्हणून आधी त्याचे सोपे भावंड पाहू. अलीकडच्या कोणत्याही पुस्तकाच्या मागे, बारकोडपाशी, १३ अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, छापलेला असतो. उदाहरणापुरता ९७८८१२३४५६७८२ हा क्रमांक घ्या. पहिल्या बारा अंकांपैकी विषम स्थानांवरील अंकांची बेरीज ३३ येते, सम स्थानांवरील अंकांची ३५ येते. दुसऱ्या बेरजेची तिप्पट, म्हणजे १०५, पहिलीत मिळवली की १३८ होतात. पुढची दहाच्या पटीतील संख्या १४०. तिथे पोहोचायला २ कमी पडतात, म्हणून तेरावा अंक २. यातील कोणताही एक अंक चुकला तर एकूण बेरीज त्या फरकाने किंवा फरकाच्या तिपटीने बदलते, आणि १ ते ९ यांपैकी कोणत्याही संख्येची तिप्पट दहाने भागली जात नसल्यामुळे चूक लपत नाही. मात्र शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बेरीज त्यांच्यातील फरकाच्या दुपटीने बदलते, आणि तो फरक ५ असेल तर बदल नेमका १० चा होतो. म्हणून २७ च्या जागी ७२ लिहिले गेले तर हा राखणदार झोपलेला असतो.

जुन्या दहा अंकी आयएसबीएनमध्ये ही फट नव्हती, कारण तिथे भागाकार ११ ने होत असे आणि ११ ही मूळ संख्या आहे. पण ११ ने भागल्यावर बाकी १० सुद्धा उरू शकते आणि दहासाठी एक अंकी चिन्ह आपल्याकडे नाही. म्हणून काही जुन्या पुस्तकांच्या क्रमांकाच्या शेवटी रोमन दहाचे चिन्ह, म्हणजे एक्स हे अक्षर दिसते. २००७ पासून तेरा अंकी पद्धत आली आणि ते अक्षर गेले.

शून्य ते नऊ एवढीच चिन्हे वापरायची आणि तरीही एका अंकाची प्रत्येक चूक व शेजारच्या अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडायची, हे साधावे कसे? याचे उत्तर डच गणिती याकोबुस फेरहूफ यांनी १९६९ साली दिले, आणि आधारचा बारावा अंक त्यांच्याच रीतीने निघतो. पुठ्ठ्याचा समान बाजूंचा आणि समान कोनांचा एक पंचकोन कापून घ्या. तो पुन्हा आपल्याच जागेत नेमका बसेल अशा रीतीने हलवण्याचे दहाच प्रकार आहेत : न हलवण्यासह पाच प्रकारे फिरवणे आणि पाच प्रकारे पालथा घालणे. या दहा हालचालींना ० ते ९ हे अंक नावादाखल द्या आणि बेरजेऐवजी एका हालचालीनंतर दुसरी हालचाल करा. तीनात पाच मिळवले काय किंवा पाचात तीन मिळवले काय, बेरीज आठच येते. त्यामुळे अंकांचा क्रम बदलल्याचे बेरजेला कळत नाही. पंचकोन मात्र आधी एक घर फिरवून मग पालथा घातला, आणि आधी पालथा घालून मग फिरवला, तर तो वेगवेगळ्या स्थितीत येतो. हालचालींना क्रम लक्षात राहतो. त्याच्या जोडीला फेरहूफ यांनी प्रत्येक स्थानासाठी अंकांची एक ठरावीक फेरपालट योजली आणि दोन्ही प्रकारच्या चुका पूर्णपणे बंद केल्या. अशा हालचालींचा अभ्यास करणाऱ्या ज्या गट सिद्धांतातून ही कल्पना आली त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, फ्रेंच गणिती एव्हारिस्त गाल्वा, १८३२ साली विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मारला गेला. त्याला समीकरणे सुटतात केव्हा एवढेच समजून घ्यायचे होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मनाने रचलेल्या बारा अंकी क्रमांकांपैकी साधारण दहातला एक ही चाचणी सहज पार करील. बारावा अंक सांगतो ते एवढेच, की क्रमांकाची घडण नियमाला धरून आहे. तो क्रमांक अस्तित्वात आहे की नाही, आणि असल्यास समोरच्या माणसाचाच आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. ‘वैध’ म्हणजे ‘खरा’ असे समजणारी माणसे खिडकीच्या दोन्ही बाजूंना भेटतात.

प्रश्न : आरोग्य शिबिरात माझ्या भावाची एक तपासणी पॉझिटिव्ह आली. ती ९९ टक्के अचूक आहे असे सांगितले गेले, तरी डॉक्टर दुसरी तपासणी करा म्हणतात. मग पहिलीचा उपयोग काय? (एक वाचक, परभणी)

उत्तर : डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे, भावाने दुसरी तपासणी अवश्य करून घ्यावी. ‘९९ टक्के अचूक’ या शब्दांत प्रश्न दडलेला आहे. समजा, एखादा आजार हजारात एकाला असतो आणि शिबिरात १०,००० लोकांची तपासणी झाली. त्यांत आजारी १०. ते जवळजवळ सगळे पकडले जातील. निरोगी ९,९९०, त्यांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे १०० जण, चुकून पॉझिटिव्ह ठरतील. एकूण ११० पॉझिटिव्हांत खरे आजारी १०, म्हणजे अकरांत एक. आजाऱ्याची तपासणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता आणि पॉझिटिव्ह आलेला आजारी असण्याची शक्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांचे नाते टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात मांडलेले आहे, आणि तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता त्या ११० जणांचीच तेवढ्याच अचूकतेची दुसरी तपासणी केली तर १० आजारी पुन्हा पॉझिटिव्ह येतील आणि १०० निरोग्यांपैकी एखादाच उरेल. म्हणजे पहिल्या तपासणीने १०,००० चे ११० केले, हाच तिचा उपयोग. पण इथे एक अट आहे : दोन्ही तपासण्यांच्या चुका एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. एखाद्या औषधामुळे पहिली तपासणी फसली असेल आणि दुसरीही त्याच औषधाने फसत असेल, तर ती कितीही वेळा केली तरी नवे काही कळणार नाही. म्हणूनच दुसरी तपासणी शक्यतो वेगळ्या पद्धतीची असते. भावाला त्याच्या वयाप्रमाणे आणि लक्षणांप्रमाणे वेगळे आकडे लागू होतील, त्यामुळे माझ्या गणितातील आकडा त्याच्यावर चिकटवू नये.

ही अट विसरल्याने किती अनर्थ होतो, याचे इंग्लंडमधील उदाहरण अंगावर काटा आणणारे आहे. सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही बाळे एकामागून एक दगावली आणि त्यांच्यावर खुनाचा खटला भरला गेला. त्यांच्यासारख्या घरात एका बाळाचा अचानक नैसर्गिक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन मृत्यूंची शक्यता त्याचा वर्ग करून सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक, असे एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितले. १९९९ मध्ये क्लार्क यांना जन्मठेप झाली. गुणाकार बरोबर होता. पण सख्ख्या भावंडांना रक्त एक, घर एक, तेव्हा दोन मृत्यू परस्परांपासून स्वतंत्र मानण्याला आधार नव्हता. शिवाय एकाच घरात दोन खून होणेही अतिशय दुर्मीळ असते, हे दुसरे पारडे कोणी तोललेच नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००१ मध्ये या हिशेबाविरुद्ध जाहीर निवेदन काढले. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. त्यामागे दडून राहिलेला वैद्यकीय पुरावा हे मुख्य कारण असले, तरी तो आकडा ज्युरीपुढे तशा रीतीने यायलाच नको होता, असे न्यायालयानेही म्हटले.

प्रश्न : इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिती होते असे वाचले. इतिहासात गणिताचा उपयोग तो काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाण्यांच्या वजनात. चांदीचे नाणे हातोहात फिरताना झिजते, आणि प्रत्येक नाण्याची झीज सारखी नसते; म्हणून जितका अधिक काळ ती नाणी चलनात राहतात, तितके त्यांचे सरासरी वजन उतरते आणि वजनांचा फैलाव वाढतो. तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांना, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्यांना, कोसंबींनी तराजूत घातले आणि या दोन मापांवरून त्यांचे आधीनंतरचे क्रम लावले. अर्थात ती नाणी मुळात एकाच वजनाच्या मापाने पाडलेली होती आणि सारखीच वापरली गेली, हे गृहीत धरावे लागते. ते जिथे लागू पडत नाही तिथे तराजूही मुका होतो.

गोव्यातील कोसबेन येथे १९०७ साली जन्मलेल्या या माणसाने १९४४ मध्ये गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र दिले. पुढच्या पिढीत जाताना दोन जनुकांची ताटातूट शंभरात वीस वेळा दिसली, तर ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्राने अंतर साडेपंचवीस एकक येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे एकवीस. फरकाचे कारण असे, की गुणसूत्रांच्या जोडीत एका जागी तुकड्यांची अदलाबदल झाली म्हणजे लगतच्या जागी ती होण्याची शक्यता घटते, आणि हाल्डेन यांनी न धरलेली ही गोष्ट कोसंबींनी हिशेबात घेतली. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणाऱ्या संगणक प्रणालींत आजही पर्याय म्हणून ही दोन नावे शेजारी शेजारी असतात.