वाचकांचे प्रश्न: सगळंच क्रोमला देऊ नका!

यावेळची पत्रं बहुतेक जुन्या फियाट आणि प्रीमियर पद्मिनी गाड्यावाल्यांची आहेत, आणि विषय एकच, गाडीच्या बाहेरची चकचकीत सामुग्री. बंपर, साइडच्या पट्ट्या, पुढची जाळी, मोनोग्राम म्हणजे गाडीच्या नावाची अक्षरं. इंजिनाचं काम करणारे गावोगाव मिळतात हो, पण ह्या पट्ट्यांचं कुणी नीट सांगत नाही म्हणून पूर्ण अंकभर तेच घेतलंय.

प्रश्न : वडिलांची १९७८ ची पद्मिनी रंगवायला काढली आहे. पेंटर म्हणतो गाडीवरचं जेवढं चमकतं तेवढं सगळं एका पोत्यात भरून प्लेटिंगवाल्याकडे द्या, एकदाच लॉटमध्ये स्वस्तात क्रोम करून आणतो. देऊ का? (नाशिक)

नका देऊ. म्हणजे बंपर द्या, पोतं नको.

गाडीवर चमकणारं सगळं एकाच धातूचं नसतं, आणि घोळ इथेच होतो. बंपर लोखंडी पत्र्याचा, वर क्रोमचा मुलामा. साइडच्या पट्ट्या बऱ्याचदा स्टेनलेस स्टीलच्या, त्यांना मुलामा नसतोच, ती त्या धातूचीच चमक असते. काही पट्ट्या आणि जाळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या, अ‍ॅनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर कडक थर चढवलेल्या. आणि मोनोग्राम, हँडल असली बारीक नक्षीची ओतीव कामं जस्ताच्या मिश्रधातूची असू शकतात. आता प्लेटिंगच्या कारखान्यात माल आधी कॉस्टिकच्या टाकीत आणि मग आम्लात जातो, तिथे अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये खाल्लं जातं आणि जस्त आम्लात विरघळतं, मग प्लेटिंगवाला तुम्हाला सांगणार "साहेब, माल खराब होता". माल खराब नव्हता, टाकी चुकीची होती.

तुमच्या गाडीवर पंचेचाळीस-पन्नास वर्षांत कुणी काय बदललंय देव जाणे, त्यामुळे कोणत्या मॉडेलला काय असतं हे विचारत बसण्यापेक्षा हातातली पट्टी उलटी करून बघा. मागून तांबूस गंज, वरून पापुद्रे सुटलेत, तर लोखंडावर क्रोम. वजनाला हलकी, मऊ, वर पांढुरकी भुकटी, तर अ‍ॅल्युमिनियम. आकाराच्या मानाने जड आणि वर बारीक फुटकुळ्या आल्यासारखं, तर जस्त. लोहचुंबक लावून बघतात सगळे, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका, कारण स्टेनलेसचाही एक प्रकार चुंबकाला चिकटतो आणि पट्ट्यांसाठी तो सर्रास वापरला जातो. चिकटली म्हणजे लोखंडच, असं नाही.

आता बंपरचं. जुना क्रोम आणि गंज काढायचा, पोचे ठोकून काढायचे, पॉलिश, मग तांबं, परत पॉलिश, मग निकेल आणि शेवटी क्रोम. तो क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, गंजाशी लढतो तो खालचा निकेल, आणि म्हणूनच स्वस्तातला प्लेटिंगवाला निकेलमध्येच हात आखडतो. डिलिव्हरीच्या दिवशी दोन्ही बंपर सारखेच चकाकतात, फरक कळतो पहिल्या पावसाळ्यानंतर, एकावर लाल ठिपके. तेव्हा भाव विचारण्याआधी तांबं देणार का आणि निकेलला किती वेळ ठेवणार ते विचारा, जो चिडेल त्याच्याकडे देऊ नका. बंपरच्या आतल्या बाजूला मुलामा नीट पोचत नाही, परत आल्यावर आतून प्राइमर आणि काळा रंग मारूनच बसवा.

अ‍ॅल्युमिनियमची जाळी अ‍ॅनोडायझिंगवाल्याकडे वेगळी. जुना अ‍ॅनोडाइझचा थर उतरवल्याशिवाय वरून कितीही घासा, काही उपयोग नाही, कारण तो थर धातूपेक्षा कडक असतो आणि डाग त्याच्या खाली असतो. आणि देताना प्रत्येक तुकड्याचा फोटो काढा, तारेने नंबर अडकवा, यादीवर सही घ्या. बारके तुकडे हरवतातच.

प्रश्न : दादा, मागच्या दाराच्या स्टीलच्या पट्टीला पोचा आहे, नवीन कुठेच मिळेना. ठोकून सरळ होते का? (सांगली)

होते, आणि छान होते. ह्या सगळ्या कामात मला विचाराल तर सगळ्यात समाधानाचं काम हेच, कारण स्टेनलेस वाया जात नाही, फक्त घाई करायची नाही.

पहिली गोष्ट काढण्याची. एका टोकाला धरून ओढली की पट्टी मधे दुमडते आणि दुमड पोच्यापेक्षा वाईट. प्लास्टिकची पाचर किंवा जाड कापड गुंडाळलेली चपटी पट्टी घेऊन एकेका क्लिपपाशी थोडी थोडी उचला, टोकाला बहुतेकदा आतून नट असतो तो आधी सोडवा. मग सागाचा किंवा शिसवीचा ठोकळा पट्टीच्या आतल्या आकाराला येईल असा घासून घ्या. पट्टी उलटी करून वाळूच्या पिशवीवर नाहीतर जाड चामड्यावर ठेवायची आणि छोट्या हातोडीने पोच्याच्या कडेकडून मधे येत हलके हलके टोले. जोरात नाही! स्टेनलेस जितकं ठोकाल तितकं कडक होत जातं आणि जास्त ताणलं गेलं की उंचवटा येतो, तो परत बसवायला दुप्पट त्रास. मधे मधे वरून बारीक कानस नुसती फिरवून बघा, जिथे घासली जात नाही तिथे अजून खड्डा आहे. हे सगळ्यात भारी, डोळ्याला न दिसणारं कानस दाखवते.

सपाट झाली की वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तितका बारीक), ३२० पासून ४००, ६००, ८००, १००० असं वर जायचं, प्रत्येक नंबरला आधीच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत. इथे आळस केला तर बफिंगनंतर (फिरत्या कापडी चाकावर चमकवल्यावर) त्या रेघा उन्हात बरोब्बर दिसतात. बफिंग स्वतः करणार असाल तर पट्टी लाकडी फळीवर बांधून धरा, नुसत्या हातात नको, चाकाने टोक पकडलं की पट्टी भिरकावली जाते आणि हातमोज्यासकट बोट आत ओढलं जाऊ शकतं. नाहीतर सरळ स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा गाठा, भाईंदरकडे असे कारखाने आहेत, तुमच्याकडेही एखादा निघेल. त्याला गाडीचं काही माहीत नसतं पण स्टील माहीत असतं. फक्त सांगा की कडा दाबू नको, कडेची धार गेली की पट्टी साबणाच्या वडीसारखी दिसते.

प्रश्न : काका, रंग झाला, एकदम मस्त झाला, आता पट्ट्या बसवायला घेतल्या तर भोकंच जुळत नाहीयेत, पुढच्या दाराची तर भोकंच गायब आहेत. काय करू? (रत्नागिरी)

अरे मित्रा, डेंटरने पुट्टी भरली त्यात. म्हणून रंगाच्या आधी एकदा सगळ्या पट्ट्या लावून बघायच्या असतात, पण झालं ते झालं, रंग न बिघडवता मार्ग आहे.

आधी पट्ट्या बाजूला ठेव आणि दारं बघ. दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, बिजागरीतून दार खाली बसलंय का. दार वाकडं असताना पट्टी सरळ लावली की उद्या दार ॲडजस्ट केल्यावर पट्टी वाकडी होणार. ते झालं की पुढच्या मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत दोरा ताणायचा, त्याच्या खाली मास्किंग टेपची सरळ रेघ, आणि दहा पावलं लांब जाऊन गुडघ्यावर बसून बघायचं. गाडीचा पत्रा कुठेच सपाट नसतो, मापाने बरोबर असलेली रेघ डोळ्याला वाकडी दिसू शकते, तेव्हा डोळ्याचं ऐक. जी जुनी भोकं सापडली आहेत ती हक्काची खूण, तिथून पुढे जा. दाराच्या आतला पुठ्ठा काढून टॉर्च मार, पुट्टीने भरलेली भोकं आतून दिसतील, ती आतूनच बारीक ड्रिलने मोकळी केलीस तर नवीन पाडावीच लागणार नाहीत.

नवीन पाडायचंच असेल तर टेपवरूनच पाड, आधी पंचने खूण, आणि ड्रिलच्या बिटावर टेपचा जाड वेढा घाल म्हणजे बिट आत घुसून काच फुटणार नाही. काच पूर्ण वर करून ठेव. भोकाची कड म्हणजे उघडं लोखंड, आणि तुझ्या रत्नागिरीची खारी हवा. कडेला प्राइमर, त्यावर टचअप, क्लिप बसवताना मागे ब्यूटिलचा (चिकट रबराचा) तुकडा किंवा मेण, म्हणजे पाणी आत जाणार नाही आणि स्टेनलेस आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना भिडून गंज धरणार नाही. ड्रिलचा चुरा दाराच्या तळाशी पडतो तो ब्रशने काढ, पाणी जायची भोकं त्यानेच तुंबतात आणि दार खालून सडतं.

पट्टी बसवताना दोघं लागतात. वरची कड क्लिपमध्ये अडकवायची, मग खालची तळहाताने दाबत जायची, मुठीने नाही. टोकाचे नट हाताने आवळून वर अगदी थोडंसं, बास. दोन पट्ट्यांच्या मधे फट सोड आणि दार पहिल्यांदा उघडताना हळू, फटीत पुठ्ठा धरून, नाहीतर टोक मडगार्डचा रंग घेऊन जाईल. आणि रंग नुकताच झालाय म्हणतोस तर दोन-तीन आठवडे थांब, पीयू (पॉलियुरेथेन) रंग वरून सुकल्यासारखा वाटला तरी आतून मऊ असतो, क्लिपचे वळ उमटतात.

प्रश्न : माझी फियाट १९६९ ची आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात पद्मिनीचा ओरिजिनल मोनोग्राम मिळाला, डिकीवर लावला तर चालेल ना? (पुणे)

गाडी तुमची, पण मी लावणार नाही. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आलं. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघत होती ती फियाट ११०० डिलाइट, तुमची ती आहे. अगदी आधीची गोलमटोल ती डुक्कर फियाट, तिच्या पुढच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला, तिच्या पट्ट्यांचा हिशोब वेगळा.

१९६९ च्या गाडीला पन्नास वर्षं झाली, म्हणजे २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, व्हीए मालिकेचा नंबर, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. तिथे चॅसिस, बॉडी, इंजिन मुळातलं आहे का हे बघतात, मोनोग्रामवरून कुणी अडवणार नाही. पण रॅलीत चार जाणकार उभे असतात आणि ते पहिलं डिकीकडेच बघतात.

डिलाइटचा मोनोग्राम शोधा, नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसला, कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, त्यामुळे टॅक्सीच्या भंगारातून येणारा माल आता आटत चाललाय, दिसला की घ्या. नाहीच मिळाला तर कुणाचा तरी दोन दिवस उसना घ्या आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरमध्ये पितळेत ओतून घ्या. पितळेवर क्रोम मस्त बसतो आणि जस्तासारखी मागची पिन मोडत नाही. ओतीव माल थंड होताना किंचित आकसतो, म्हणून भोकं जुळतात का हे क्रोमला द्यायच्या आधी गाडीवर लावून बघा.

प्रश्न : बंपरवर बारीक गंजाचे ठिपके आलेत. कोल्ड्रिंकने जातात म्हणे? (ठाणे)

कोलात फॉस्फरिक आम्ल असतं त्यामुळे थोडे जातात, पण चिकटपणा धुवत बसा. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलका घासा, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, ओरखडे येत नाहीत. मग कोरडं पुसून मेण. जाड पॉलिश पेपर लावू नका, प्लीज. ठिपक्याच्या जागी खड्डा दिसला तर मात्र निकेल गेलं, ते घासून येत नाही.

प्रश्न : आमच्या अण्णांनी पूर्वी बंपरसमोर स्टीलच्या पाइपचा गार्ड बसवला होता. रंगकामात काढलाय, परत लावावा का? (पणजी)

नको. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे क्रॅश गार्ड बेकायदा ठरवलेत, दंड होतो, आणि धडक बसली की तो पाइप स्वतः वाचतो आणि धक्का सरळ चॅसिसला देतो, समोर पायी चालणारा माणूस असेल तर विचारूच नका. अण्णांची आठवण म्हणून घरी ठेवा. फक्त त्याचे ब्रॅकेट जिथे आवळले होते तिथे बंपरच्या मागे गंजाची वर्तुळं असणार, बंपर प्लेटिंगला देताना ती बोट ठेवून दाखवा आणि जादाची भोकं आधी वेल्डिंगने बुजवून घ्या.