१९९४ मध्ये अमेरिकेतल्या बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनच्या शेवटची विजेतेपदाची लढत, का झाली नाही?

पैसा, दुसरं काय. टीमच्या मालकांना सॅलरी कॅप हवी होती, म्हणजे पगारावर ठराविक रकमेच्या वर टीमने खर्चच करायचा नाही, आणि खेळाडूंच्या युनियनचं म्हणणं की श्रीमंत आणि गरीब टीम्सचं आपसात वाटपाचं जमत नाही तर भुर्दंड खेळाडूंना कशाला. झालं, १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप आणि १४ सप्टेंबरला लीगचा हंगामी प्रमुख बड सेलिगने उरलेला सीझनच रद्द केला. १९०४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज झाली नाही. वाईट वाटतं ते माँट्रियल एक्स्पोज या टीमचं, ७४ विजय आणि ४० पराभवांवर सगळ्यात पुढे होते बिचारे. नंतर तर मालकांनी बदली खेळाडू आणून सराव सामने पण खेळवले! शेवटी ३१ मार्च १९९५ ला जज सोनिया सोटोमायोरनी मालकांना जुन्याच अटी पाळायला लावल्या तेव्हा कुठे २३२ दिवसांनी संप मिटला, आणि ज्या कॅपसाठी एवढं रामायण केलं ती काही आलीच नाही.